नियती बारा मिनिटांत: गोव्यात विज्ञानथरार प्रेमकथेचा लघुपट कसा करावा

नियती आणि इच्छास्वातंत्र्य यांवरचे हौशी लघुपट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी आपटतात. पाचव्या-सहाव्या मिनिटाला प्रेक्षकाच्या मनात येतं, "मग याने सरळ दुसरं काहीतरी का केलं नाही?" आणि पटकथेकडे त्याचं उत्तर नसतं. कॅमेरा कितीही महागडा आणा, ड्रोन उडवा, निळा रंग चढवा, हे भोक बुजत नाही. म्हणून या लेखात कॅमेऱ्याआधी नियम येतील आणि चित्रापेक्षा आवाजावर जास्त वेळ जाईल. या प्रकारात कमी पैशात सर्वांत जास्त काम आवाजच करतो.

उदाहरणासाठी एक गोष्ट धरून चालू. ती जशीच्या तशी घेण्याची गरज नाही, पण पद्धत समजायला हाताशी काहीतरी हवं. सगुण पणजीत श्रवणयंत्रांची दुरुस्ती करतो. तन्वी नदीपलीकडच्या गावात राहते आणि गावच्या उत्सवी नाटकाला प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नट ओळ विसरला की विंगेतून ती पुटपुटते. मालकाचं नाव नसलेलं एक यंत्र सगुणकडे दुरुस्तीला येतं. ते कानात घातलं की समोरच्याचं वाक्य तो बोलायच्या आधीच ऐकू येतं.

पहिलं काम: भाकीत कोणत्या जातीचं ते ठरवा

भाकीत ज्याच्याबद्दल आहे त्यालाच ते सांगितलं, तर तो मुद्दाम उलटं वागू शकतो. नियतीवरच्या प्रत्येक कथेची ही मूळ अडचण. तिच्यातून बाहेर पडण्याचे व्यवहारात तीनच मार्ग आहेत आणि लिहायला बसण्याआधी त्यातला एक निवडावा लागतो.

पहिला मार्ग बंद पाकिटाचा. भाकीत असतं, पण पात्राला शेवटापर्यंत कळत नाही. हा सोपा आहे. मात्र थरार मंदावतो, कारण पात्र कशाशीच झुंजत नाही. दुसरा मार्ग भाकितामुळेच घडणाऱ्या घटनेचा: टाळायला जावं आणि टाळण्याच्या धडपडीतूनच ते घडावं. आपल्याकडे कंसाच्या गोष्टीपासून हा साचा सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे शेवट आधीच ओळखला जातो. तिसरा मार्ग अर्ध्या भाकिताचा. काय होणार ते ठरलेलं आहे, पण कुठे, कशासाठी आणि कोणत्या अर्थाने, हे ठरलेलं नाही. प्रेमकथेला तिसरा मार्ग सर्वांत मानवतो, कारण प्रेमात भांडणं होतात ती बहुतेक वाक्याच्या अर्थावरून.

आपल्या उदाहरणात सगुणला तन्वीच्या आवाजात ऐकू येतं: "मी तुला ओळखत नाही." हे वाक्य ती म्हणणार हे पक्कं. ती ते कधी आणि कुणाला म्हणेल, एवढंच मोकळं.

नियमांचं पान

एका कागदावर जास्तीत जास्त पाच नियम लिहा. प्रत्येक नियम पडद्यावर दाखवता किंवा ऐकवता आला पाहिजे. "यंत्र वैश्विक ऊर्जेशी जोडलेलं आहे" हा नियम होत नाही, कारण त्याचा शॉट लागत नाही. आपल्या गोष्टीचे नियम असे:

१. यंत्रातून फक्त वाक्यं ऐकू येतात. चित्र दिसत नाही, विचार कळत नाहीत.
२. ऐकलेलं वाक्य त्या माणसाच्या तोंडून येतंच येतं. याला अपवाद नाही.
३. ऐकलेल्या वाक्यावर सगुण जेव्हा जेव्हा वागतो, तेव्हा पुढचं वाक्य आणखी आधी ऐकू येऊ लागतं.
४. स्वतःचं वाक्य स्वतःला कधीच आधी ऐकू येत नाही.

तिसरा नियम हे कथेचं इंजिन आहे. सुरुवातीला यंत्र अर्ध्या सेकंदाहूनही कमी पुढे असतं, मग दोन सेकंद, मग एक मिनिट, मग काही तास. वाक्य जितकं आधी येतं तितका त्याचा संदर्भ हरवतो आणि गैरसमज वाढतो. वापराची किंमत कथेतच भरली जाते, त्यामुळे "वापरत का राहिला?" आणि "थांबला का नाही?" या दोन्ही प्रश्नांची सोय होते. चौथा नियम लहान दिसतो, पण नायकाची मर्जी शाबूत राहते ती त्याच्याच जोरावर.

पान तयार झालं की पटकथेशी संबंध नसलेल्या दोघांना ते वाचायला द्या आणि यंत्र फसवायला सांगा. "कान बंद केले तर?" "दुसऱ्याच्या कानात घातलं तर?" असे प्रश्न येतील. ज्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही, तिथे एकतर नियम बदला, नाहीतर तो प्रसंगच येऊ देऊ नका. दहा मिनिटं हे केलंत की शूटिंगच्या दिवशी होणारे तासभराचे वाद वाचतात.

पटकथा तीन रकान्यांत

संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही विभागणी मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली आहे. तिचा सरळ हत्यार म्हणून उपयोग करा. पानाचे तीन रकाने पाडा. पहिल्यात पात्राचं आधीचं सगळं, दुसऱ्यात त्याला आधी ऐकू आलेलं वाक्य, तिसऱ्यात ते ऐकून तो आत्ता काय करतो. तिसरा रकाना ज्या प्रसंगात रिकामा राहील तो प्रसंग काढून टाका, मग तो कितीही देखणा असो.

बारा मिनिटांच्या लघुपटाला ढोबळमानाने बारा पानं. पहिल्या तीन पानांत भेट आणि यंत्राची ओळख. चौथ्या पानाच्या आत नियम एक आणि दोन प्रेक्षकाला कळलेच पाहिजेत, तेही प्रसंगातून: दुकानात गिऱ्हाईक "किती झाले?" विचारायच्या आत सगुण पावती पुढे करतो. सातव्या पानावर ते घातक वाक्य ऐकू येतं. नवव्या पानावर सगुण तन्वीपासून तुटू लागतो आणि यंत्राचा खरा मालक दारात येतो. त्याला यंत्र परत नको आहे, सगुणने ते वापरत राहावं एवढंच हवं आहे. हा माणूस जितका सौम्य ठेवाल तितकी भीती वाढेल.

उकल अकराव्या पानावर. तन्वी प्रॉम्प्टर आहे, हे पहिल्या पानापासून उघड्यावर ठेवलेलं असतं. सगुण शेवटी तिला वाक्य सांगून टाकतो. त्या रात्री नाटकात नटी ओळ विसरते आणि विंगेतून तन्वी पुटपुटते: "मी तुला ओळखत नाही." भाकीत खरं ठरतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. मात्र ही ओळ नाटकाच्या संहितेत आधीपासून असली पाहिजे. दुसऱ्या पानावर तालमीच्या दृश्यात तन्वीच्या हातातली वही दिसते, तिच्यात ही ओळ पेन्सिलीने अधोरेखित केलेली ठेवा. दीड सेकंदाचा शॉट पुरे. तीन सेकंद ठेवलात तर प्रेक्षक ओळखेल.

प्रेमासाठी वेगळे प्रसंग घालू नका, बारा मिनिटांत जागा नसते. दोघांमधली ओढ दिसायला एक युक्ती पुरते: तन्वीशी बोलताना सगुण यंत्र काढून खिशात ठेवतो. पुढे एकदा तो ते काढत नाही, आणि ते तिच्या लक्षात येतं.

भाषेचं भान ठेवा. गोव्यातलं मराठी कुटुंब घरात, देवळात आणि नाटकाच्या तालमीत मराठी बोलतं. नदीवरच्या फेरीबोटीत, बाजारात, कदंब बसमध्ये कोकणी. फेरीवरचा कामगार शुद्ध मराठीत "कृपया मागे सरका" म्हणाला की गोव्यातला प्रेक्षक तिथेच हसतो. त्याला "फाटीं रावात" म्हणू द्या. भाकिताचं वाक्य मात्र पूर्ण मराठीत ठेवा, कारण ते शेवटी मराठी नाटकाचं वाक्य ठरायचं आहे.

जागा आणि परवाने

पणजीतलं फोंतेन्हास टाळा. रंगीत भिंती सुंदर आहेत, पण प्रत्येक जाहिरातीत येऊन गेल्या आहेत आणि दारासमोर कॅमेरा लावणाऱ्यांना तिथले रहिवासी कंटाळले आहेत. आपल्या गोष्टीला तीन जागा पुरतात: दुरुस्तीचं छोटं दुकान, फेरीधक्का आणि देवळासमोरचा मंडप.

राज्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा ही नोडल संस्था आहे. सुरुवात तिथून करा. फेरीबोटीवर चित्रीकरण करायचं तर नदी परिवहन खात्याशी बोलणं आलं. जुन्या गोव्यातली चर्चेस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत. तिथे तिपाई उघडण्याआधी त्यांची वेगळी परवानगी लागते. देवळाच्या आवारासाठी देवस्थान समितीची लेखी संमती घ्या. तोंडी "करा हो" वर जाऊ नका, कारण ऐन रात्री दुसरे महाजन, म्हणजे देवस्थानचे मानकरी सभासद, येऊन विचारतात आणि मग काम थांबतं. अर्जात तारखा, माणसांची संख्या, सामानाची यादी आणि कथेचा अर्ध्या पानाचा सारांश द्या. सारांशात "नियतीला आव्हान" असं काही लिहू नका; देवळाच्या समितीला ते उगाच टोचतं. "नाटकाच्या तालमीत फुलणारी प्रेमकथा" हे खरंही आहे आणि पुरेसंही.

ड्रोनचा मोह सोडा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला नियमांत सूट असली, तरी कोणत्या भागात उडवता येतं हे सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या नकाशावर तपासावं लागतं, आणि दाभोळीला नौदलाचा तळ आहे. शिवाय ही गोष्ट कानाची आहे. आकाशातून तिला काही मिळत नाही.

मंडपातल्या रात्रीच्या दृश्यासाठी लाउडस्पीकरची रात्री दहाची मर्यादा लक्षात ठेवा. नाटकाचे प्रेक्षक म्हणून गावकरी हवे असतील तर त्यांचे शॉट नऊच्या आत संपवा, नंतर फक्त विंगेतली तन्वी घ्या. खऱ्या जत्रेत शूटिंग करावं असं वाटतं, पण गर्दीत आवाज हाती लागत नाही. जत्रेत जाऊन दिव्यांचे आणि दुकानांचे दोन-चार शॉट घ्या, संवाद मात्र दुसऱ्या दिवशी रिकाम्या मंडपात.

भरती-ओहोटीचं गणित

हा भाग कुणी सांगत नाही आणि सगळे इथेच अडकतात. आपल्या कथेत धक्क्यावरचा प्रसंग दोनदा येतो: तिसऱ्या मिनिटाला भेट, नवव्या मिनिटाला ताटातूट. दोन्ही एकसारखे दिसले पाहिजेत, म्हणजे प्रेक्षकाला "हे ठरलेलंच होतं" असं जाणवेल.

पणजीच्या मांडवी नदीला दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाला पाण्याच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. पणजीजवळच्या रायबंदरच्या फेरीधक्क्याचा उतार पाण्यात जातो. ओहोटीला त्याचा शेवाळलेला काळपट पट्टा उघडा पडतो, भरतीला तो पूर्ण बुडतो. फेरीची फळी उताराला टेकते त्याचा कोनही बदलतो. एक शॉट भरतीत आणि त्याला जोडून येणारा ओहोटीत घेतला, की नदी एका कटमध्ये पाच फूट उतरते.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज संध्याकाळी साडेपाचला जी पातळी होती ती उद्या सव्वासहा-साडेसहाला मिळेल, आणि हिवाळ्यात तोवर सूर्य गेलेला असतो. पातळी आणि उजेड दोन्ही हवे असतील तर मार्ग दोनच. एक, दोन्ही प्रसंग त्याच दिवशी पाठोपाठ घ्या आणि कपडे बदला. दुसरा, साधारण पंधरा दिवसांनी परत या. तेव्हा भरती पुन्हा त्याच सुमाराला येते आणि सूर्य फारसा सरकलेला नसतो. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक पाहून शूटिंगच्या तारखा ठरवा, नटांच्या सोयीवरून नाही. रोजच्या दोन भरत्यांची उंचीही सारखी नसते, त्यामुळे सकाळची पातळी बघून संध्याकाळचा अंदाज बांधू नका.

नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीला सातच्या आसपास. मावळल्यानंतरचा वापरता येण्याजोगा उजेड जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यात दोन शॉट होतात, तीन नाहीत. धक्क्यावर येणाऱ्या बोटींकडेही लक्ष द्या. रायबंदरहून चोडण बेटावर जाणाऱ्या मार्गावर जुनी सपाट फेरी आणि नवी मोठी रो-रो अशा दोन्ही दिसतात. एका प्रसंगात दोन्ही मिसळल्या तर भरतीचं सगळं गणित पाण्यात.

कॅमेरा

मोबाइलवर उत्तम होतं. फक्त काही गोष्टी बांधून टाकाव्या लागतात. फ्रेमरेट २५, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, आणि शटर १/५० सेकंद. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी या गणितात लुकलुकत नाहीत; ३० फ्रेमवर आणि १/६० शटरवर दुकानातल्या दृश्यात पट्टे फिरताना दिसतात. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद करा. ऑटोवर सोडलंत तर नट हलला की भिंतीचा रंग बदलतो.

उन्हात १/५० शटर ठेवायचं तर मोबाइलच्या उघड्या लेन्ससमोर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, हवाच. भर उन्हात एनडी ६४ किंवा १२८, सावलीत ८ ते १६. फिरवता येणारा एनडी सोयीचा, पण शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की चित्रावर काळी फुली उमटते. टोकाच्या थोडं अलीकडे थांबा.

दुकान वातानुकूलित असेल तर कॅमेरा तिथून थेट धक्क्यावर नेऊ नका. गोव्याच्या दमट हवेत थंड काचेवर क्षणात बाष्प धरतं आणि पुसलं तरी परत येतं. पिशवीची चेन लावून अर्धा-पाऊण तास पिशवीतच राहू द्या. जून ते सप्टेंबरात तर सिलिका जेलच्या पुड्या रोज बदलाव्यात.

जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाने एका तासाला ४५ जीबी. बारा मिनिटांसाठी दहापट चित्रीकरण धरलं तर दोन तास, म्हणजे ९० जीबी. रोज संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर प्रत काढल्याशिवाय मोबाइल रिकामा करू नका.

आवाज: इथे वेळ घाला

पहिल्या टप्प्यात यंत्र किती पुढे असावं? मनाला येईल तो आकडा घेण्यापेक्षा एक प्रसिद्ध प्रयोग उपयोगी पडतो. १९८३ साली बेंजामिन लिबेट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हवं तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. मेंदूतली तयारी हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली, आणि "आता हलवावं" ही जाणीव मात्र साधारण २०० मिलिसेकंद आधी झाल्याचं लोकांनी सांगितलं. मधलं अंतर सुमारे ३५० मिलिसेकंद. यातून इच्छास्वातंत्र्य खोटं ठरतं का, यावर पुढे भरपूर वाद झाले आणि प्रयोगाच्या अर्थावर गंभीर आक्षेप आहेत. चित्रपटाला तो वाद मिटवायचा नाही. २५ फ्रेमला ३५० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ ९ फ्रेम, एवढं घ्या. आधीचा आवाज चित्राच्या ९ फ्रेम पुढे ठेवा.

इथे एक चूक हमखास होते. त्याच वाक्याची प्रत काढून ९ फ्रेम आधी ठेवली की दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात आणि ऐकणाऱ्याला नुसता प्रतिध्वनी वाटतो. शब्द कळत नाहीत. उपाय असा की पहिल्या टप्प्यातली वाक्यं एकाच शब्दाची ठेवा: "थांब", "किती?", "अगो". चार शब्दांचं वाक्य बोलायला दीड सेकंद तरी लागतो, म्हणून तसली वाक्यं यंत्र दोन सेकंद पुढे गेल्यावरच वापरा. कथेतली वाढ आणि कानाची सोय इथे आपोआप जुळतात.

आधीचा आवाज वेगळा ओळखू आला पाहिजे, पण भुताटकी वाटता कामा नये. तो वेगळा रेकॉर्ड करा, माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, हळू पण कुजबूज न करता. संकलनात ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापून टाका. जुन्या टेलिफोनसारखा, श्रवणयंत्राला शोभणारा पोत येतो. त्यावर घुमारा अजिबात घालू नका. प्रत्यक्ष वाक्याला मात्र खोलीचा घुमारा राहू द्या. कोरडा आवाज म्हणजे भविष्य, ओला आवाज म्हणजे वर्तमान, हे प्रेक्षक दोन मिनिटांत न सांगता शिकतो. मग अकराव्या मिनिटाला एकदाच दोन्ही उलटे करून पाहा. विंगेतल्या तन्वीचं ते वाक्य कोरडं ऐकू आलं की क्षणभर कळत नाही, हे यंत्रातलं की खरं.

आधीचा आवाज एका कानात ढकलायचा मोह होतो, पण लोक लघुपट मोबाइलच्या एकाच स्पीकरवर बघतात. स्टिरिओ रुंद करणारे इफेक्ट तिथे आवाज गिळून टाकतात. मिश्रण पूर्ण झालं की एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून, ऐका.

फेरीचं इंजिन हा शाप वाटतो, आपल्या गोष्टीत तो फायदा आहे. बोटीवर संवाद रेकॉर्ड होत नाही. कितीही चांगला कॉलर माइक लावा, इंजिनाची घरघर कपड्यांतून आत येते. म्हणून प्रत्यक्ष वाक्य बुडू द्या, फक्त ओठ हलू द्या, आणि आधीचा कोरडा आवाज स्वच्छ ऐकवा. तो घरी, गादीच्या आडोशाला रेकॉर्ड झालेला असतो. डबिंगची सगळी कटकट वाचते आणि कल्पनाही पक्की बसते: खऱ्या जगापेक्षा यंत्रातलं जग स्पष्ट.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा; सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच चढवा. प्रत्येक जागेचा एक मिनिट नुसता आवाज घ्या: दुकानाचा पंखा, धक्क्यावर लाटांचा खळखळाट, रिकाम्या मंडपातली रातकिड्यांची किरकिर. यंत्राचं भविष्य जिथे संपतं, म्हणजे सगुणला पुढचं काहीच ऐकू येत नाही, तिथे पूर्ण शांतता ठेवू नका. प्रेक्षकाला वाटतं स्पीकर बिघडला. मंडपाचाच तो एक मिनिट हळू करून वापरा.

नट

गोव्यात चांगले हौशी नट शोधावे लागत नाहीत. उत्सवी नाटकं आणि कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा यांतून प्रत्येक तालुक्यात तयार माणसं मिळतात. अडचण एकच, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय. "कमी कर" सांगून उपयोग होत नाही, अभिनयच कमी होतो. त्याऐवजी समोरच्या नटाला दोन फुटांवर उभं करा आणि मधे कुणीतरी झोपलंय असं समजायला सांगा. आवाज उतरतो, भाव राहतो.

सगुणच्या नटाला चित्रीकरणाच्या वेळी कानात खरंच आधीचा आवाज वाजवून द्या, छोट्या ब्लूटूथ इअरबडमधून. त्याची प्रतिक्रिया योग्य वेळी पडते आणि नाटकी होत नाही. ब्लूटूथला स्वतःचा थोडा उशीर असतो; तो आधी तपासून ध्वनिफीत तेवढी लवकर सुरू करा. मात्र त्याचा स्वतःचा आवाज त्याला उशिराने परत ऐकू येणार नाही याची काळजी घ्या. सुमारे २०० मिलिसेकंदाच्या उशिराने स्वतःचाच आवाज कानावर आला की चांगला बोलणाराही अडखळतो. यंत्र बिघडण्याच्या दृश्यात हेच मुद्दाम करता येईल: नट खरोखर चाचरतो, आणि ते खोटं करून जमत नाही.

संकलन आणि शेवटच्या चाचण्या

पहिली जुळणी चित्राकडे न बघता करा. सगळे संवाद आणि आधीचे आवाज लावा, डोळे मिटून बारा मिनिटं ऐका. जिथे गोंधळ होतो तिथे चित्र मदतीला येणार नाही. नंतर चित्र लावताना एक शिस्त पाळा: आधीचा आवाज येतो तेव्हा कॅमेरा सगुणवर, बोलणाऱ्यावर नको. बोलणाऱ्याचा चेहरा दाखवलात तर लोकांना ओठ आणि आवाज जुळले नाहीत असं वाटतं आणि ते संकलकाला दोष देतात.

चाचणी प्रेक्षक पाच-सहा पुरेत, पण त्यात नाटकवाला एक तरी असू द्या. संपल्यावर "आवडला का?" विचारू नका. विचारा: यंत्राचा नियम काय होता? वहीतली ओळ दिसली का? शेवटी ती हे मुद्दाम म्हणाली की नाही? पहिल्या प्रश्नाला दोघांहून जास्त जण चुकले तर तिसऱ्या मिनिटाचा दुकानातला प्रसंग पुन्हा कापा. दुसऱ्याला सगळेच "हो" म्हणाले तर वहीचा शॉट लहान करा. तिसऱ्यावर भांडण झालं तर हात लावू नका.

ऑनलाइन टाकायचा तर आवाजाची एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा. महोत्सवांच्या अटी वेगळ्या असतात, त्या त्यांच्या अर्जात दिलेल्या असतात. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा रस्ता धरावा लागतो. इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो. त्याचे अर्ज महोत्सवाच्या बरेच महिने आधी निघतात, त्यामुळे नोव्हेंबरात शूटिंग करून त्याच नोव्हेंबरात दाखवायचं स्वप्न सोडा.

इंग्रजी सबटायटलं करायला घ्याल तेव्हा सबटायटलवाला वाचायला वेळ मिळावा म्हणून ती कधी कधी थोडी आधी टाकेल. या लघुपटात त्याने सगळं फुटतं: लिहिलेली ओळ यंत्राच्याही आधी येते. त्याला लेखी सांगा की प्रत्यक्ष वाक्याची ओळ आवाजाच्या पहिल्या फ्रेमवर, आधीच्या आवाजाची ओळ तिरक्या अक्षरांत आणि तीही त्या आधीच्या आवाजाच्याच पहिल्या फ्रेमवर. एका शब्दाच्या वाक्यांना, म्हणजे ९ फ्रेमवाल्यांना, दोन ओळी देऊ नका. फक्त तिरकी द्या. विंगेतल्या शेवटच्या वाक्याला तिरकं की सरळ, ते तुम्ही ठरवा आणि सबटायटलवाल्याला कारण सांगू नका.